दोन जागा

कारशिवाय सायकलवर लांब जायचं आणि वाटेत तंबू ठोकून राहायचं, असं अमेरिकेत ठरवणारी माणसं दोन प्रकारची असतात. ज्यांच्याकडे कार नाही ती, आणि ज्यांच्या दारात दोन उभ्या आहेत ती. मी दुसऱ्या प्रकारातला. वॉशिंग्टनजवळच्या आमच्या उपनगरात कोथिंबिरीची जुडी आणायलाही कार काढावी लागते. इथले लोक सायकल कारच्या पाठीला बांधून सायकल चालवायला जातात, याची मी आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत यथेच्छ टिंगल करत असे. टिंगलीच्या भरात एकदा बोलून गेलो, की मी जाईन तर रेल्वेने जाईन आणि सायकलवर घरी येईन. चारचौघांत बोललो होतो, मग करणं आलं.

मार्ग निवडण्यात चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे असं सांगण्यासारखं फार थोडं आहे. पिट्सबर्गपासून मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंत ग्रेट अ‍ॅलिगेनी पॅसेज नावाचा 150 मैलांचा, म्हणजे साधारण 240 किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. बंद पडलेल्या रेल्वेलाइनींचे रूळ उखडून त्यावर चुनखडीची बारीक कच दाबून तो केलेला आहे. 1986 मध्ये ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा उघडला आणि 2013 मध्ये काम पुरं झालं. तो जिथे संपतो तिथेच चेसापीक अँड ओहायो कालव्याची वाट सुरू होते. एके काळी खेचरं नावा ओढत ज्या काठाने चालायची, तीच ही वाट. 184.5 मैल, थेट वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत. दोन्हींवर मोटारींना मज्जाव. आणि वॉशिंग्टनहून पिट्सबर्गकडे जाणारी रेल्वे बराच वेळ याच दोन वाटांलगतच्या नद्यांच्या काठाने धावते. दिवसाला एक गाडी तिकडे, एक इकडे.

रेल्वेच्या जुन्या मार्गाचा मोठा गुण म्हणजे चढ सौम्य असतो, कारण इंजिनाला खडा चढ झेपत नाही. आपल्या बोरघाटात गाडी 37 फुटांना एक फूट चढते आणि तेवढ्यासाठी मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लावावी लागतात. इथे पश्चिमेकडून येताना चढ शंभराला एकच्याही आत. "कुणीही चढेल," असं मी मेव्हण्याला फोनवर सांगितलं.

मेव्हणा न्यू जर्सीत असतो. मूळचा साताऱ्याचा, माझ्याहून बराच लहान, आणि मला दाजी म्हणतो. माझ्या लग्नात कान पिळायचा मान त्याचा होता आणि तो त्याने पुरेपूर वसूल केला. त्यानंतर मात्र माझ्या कुठल्याही गोष्टीला त्याने नाही म्हटल्याचं आठवत नाही. सोबत म्हणून मी त्याला निवडलं, ते यासाठीच.

माणसांची दोन तिकिटं मी जून महिन्याची काढली आणि निर्धास्त झालो. सायकलीची जागा वेगळी राखावी लागते, त्या गाडीत मोजक्याच असतात आणि उन्हाळ्यात त्या आधी जातात, हे सगळं तिकिटाच्याच पानावर लिहिलेलं होतं. मी ते वाचलं तेव्हा जागा संपल्या होत्या. बेत ऑक्टोबरवर गेला. त्याच्याही पुढे ढकलला नाही हे नशीब, कारण वाटेतल्या बिग सॅव्हेज बोगद्याची दारं हिवाळ्यात बंद करतात. तेही मला उशिराच कळलं.

तारीख बदलली, तक्ता तोच राहिला. तक्ता म्हणजे एक्सेलमधला माझा कार्यक्रम, रंगीत रकान्यांचा, ज्याची प्रिंट मी मेव्हण्याला प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिली होती. जूनमध्ये त्या भागात पावणेनऊपर्यंत उजेड असतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सातला अंधार. माझ्या तक्त्यात साडेसातला तंबू ठोकायचा होता. स्लीपिंग बॅगही जूनच्याच होत्या. पावसाला रकाना नव्हता.

वॉशिंग्टनच्या स्टेशनवर बायको आम्हाला सोडायला आली, कारने. हे मी मंडळात कधी सांगितलं नाही. रांगेत उभा असताना समोरच्या पाटीवर नेऊ नये अशा वस्तूंची यादी दिसली. पेट घेणारे वायू त्यात होते. स्टोव्हचा गॅस माझ्या पिशवीच्या तळाशी होता. उपसाउपशी करून तो डबा बायकोच्या हातात दिला, सायकलींवरच्या पिशव्या उतरवल्या, सायकली डब्यातल्या रॅकला लावल्या आणि बसलो. स्टोव्ह मात्र आम्ही शेवटपर्यंत वाहिला.

मार्गावरच्या कनेल्सव्हिलला रात्री दहाच्या सुमारास उतरलो. ट्रेललगत लाकडी निवारे आहेत, तिथे झोपलो. दुसऱ्या दिवशी ओहायोपाइल, कन्फ्लुअन्स, रॉकवूड. नदी, जंगल, पानं नुकती रंग धरायला लागलेली, सगळं जसं सांगतात तसं. मुक्काम रॉकवूडजवळ केला. तंबू टॉर्चच्या उजेडात ठोकला आणि पारा तीन-चार अंशांवर उतरला. रात्रभर आम्ही दोघंही जागे होतो आणि दोघंही झोपल्याचं दाखवत होतो. पहाटे मेव्हण्याने कानटोपीतून तोंड बाहेर काढलं.

"दाजी, चहाचं काय?"

तक्त्यात चहा सहा दहाला होता. आम्ही गार थालीपीठ खाल्लं आणि निघालो.

त्याला दिलेली सायकल माझी जुनी होती. सीट मी गॅरेजमध्ये त्याच्या उंचीच्या अंदाजाने बसवली होती, ती दोनेक बोटं खाली राहिली. बाजारापर्यंत जायला तेवढं चालतं. पण दिवसाला सत्तर किलोमीटर पाय पुरता सरळ होत नसेल, तर गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागतं. हे मला ठाऊक होतं. त्याच्या मागून चालवत असतो तर पहिल्या तासात दिसलंही असतं. मी पुढे होतो. रस्ता मला माहीत होता ना. पान्याने पाच मिनिटांत होणारं काम होतं, आणि पाना माझ्याच पिशवीत होता.

मेयर्सडेलनंतर ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड लागतो, 2,392 फूट. हा मार्गावरचा सर्वांत उंच बिंदू. इथून पुढे बिग सॅव्हेजचा किलोमीटरभर लांब बोगदा, आणि मग कंबरलँडपर्यंत पस्तीसेक किलोमीटर नुसता उतार. पेडल मारावं लागत नाही, त्यामुळे मेव्हणा खुशीत होता. ती खुशी मी माझ्या नियोजनाच्या खात्यात जमा केली.

कंबरलँडला दुपारी पोचलो. जुन्या स्टेशनच्या इमारतीपाशी बाकावर बसलो. मेव्हणा गुडघा चोळत होता, माझं लक्ष गेलं की थांबायचा.

"इथून सकाळची गाडी असते ना, दाजी?"

"नवाच्या पुढे. एकपर्यंत वॉशिंग्टन."

"असं," म्हणाला, आणि नदीकडे बघत बसला.

मी बाटल्या भरायला म्हणून उठलो आणि नळापाशी फोन काढला. दुसऱ्या दिवशीच्या गाडीत दोन तिकिटं होती. सायकलींच्याही दोन जागा होत्या. रात्रीपासून पाऊस दाखवत होता. मी फोन खिशात टाकला, बाटल्या भरल्या, परत आलो आणि म्हणालो, "चला, आता काय, उतारच आहे."

उतार होता, नाही असं नाही. 184.5 मैलांत सुमारे 600 फूट. आमच्या न्हाणीघराच्या फरशीला याहून जास्त असतो. हा आकडाही मला पाठ होता. मंडळात टाकलेल्या एका वाक्यापायी मी त्या माणसाला पुढे नेलं, ज्याचा गुडघा मला दिसत होता आणि ज्याच्या तोंडून नाही येणार नाही याची मला खात्री होती.

पाऊस बरोबर आला. खाली कच असती तर ठीक होतं. कालव्याची वाट मातीची, चिकणमातीची. ती टायरला धरते आणि मडगार्डच्या आत साचते. आधी घासल्याचा आवाज येतो, मग चाक जड होतं, मग फिरायचंच थांबतं. माझे मडगार्ड टायरला अगदी लागून होते, दिसायला सुबक. दर थोड्या अंतरावर उतरायचं, तंबूची खुंटी आत घालून चिखल खरवडायचा, पाच-सात लगदे काढायचे, बोटं पुसायची, परत बसायचं. खुंटी वाकली तेव्हा काटक्या शोधल्या. मुक्काम पर्सलेन रन नावाच्या ठिकाणी झाला. या वाटेवर ठरावीक अंतरावर अशा फुकट जागा आहेत. हातपंप, टेबल, संडास आणि तंबूपुरती सपाट जमीन. पंपाच्या पाण्याला आयोडीनची चव. मेव्हणा म्हणाला, "औषधासारखं आहे, गुडघ्याला बरं." सकाळी गुडघा सुजलेला होता. त्याने त्यावर मफलर बांधला.

थोडं पुढे पॉ पॉ बोगदा आहे, कालव्यासाठी डोंगरातून काढलेला. 3,118 फूट, आत अंधार, एका अंगाला कठड्याची अरुंद वाट. सायकल हातात धरूनच जावं लागतं. त्या दिवसातला मेव्हण्याचा तेवढाच सुखाचा तुकडा, कारण चालताना त्याला कमी दुखत होतं. बोगद्याचं काम 1836 मध्ये सुरू झालं. ठेकेदाराने दोन वर्षांत पुरं करून देतो असं लिहून दिलं होतं. रोज सात-आठ फूट खणून होईल, असा त्याचा हिशेब होता. खडकाने तो मानला नाही, मजुरांचे पगार थकले, दंगे झाले, ठेकेदाराचं दिवाळं निघालं, आणि बोगद्यातून नाव गेली ती 1850 मध्ये. घरी हे वाचून मी मेव्हण्याला सांगण्यासाठी पाठ केलं होतं. बोगद्यात टॉर्च धरून उभा राहिल्यावर सांगावंसं वाटलं नाही.

हँकॉकपर्यंतचा दिवस निम्मा ढकलत गेला. गावात शिरताना एक गृहस्थ समोरून सायकलवर आले. पांढरे मोजे. त्या मोज्यांवर एक डाग नव्हता. आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून त्यांनी विचारलं, की वर डांबरी ट्रेल असताना तुम्ही खालून का आलात?

वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल. जुन्या रेल्वेच्याच मार्गावर केलेला, डांबरी, कालव्याला जवळजवळ लागून. लिटल ऑर्लीन्सपासून हँकॉकपर्यंत तो आमच्या बाजूने चालला होता. मधे एक बोगदा वटवाघळांसाठी बंद ठेवला आहे, तेवढ्यापुरतं कालव्यावर उतरावं लागतं. बाकी वीसेक किलोमीटर आम्ही ज्या चिखलातून सायकली ढकलल्या, त्याच्या हाकेच्या अंतरावर कोरडा रस्ता होता. माझ्या नकाशात तो होता. नकाशा स्वच्छ दिसावा म्हणून मी तो थर बंद केला होता.

मेव्हण्याने काही म्हटलं नाही. पायरीवर बसला, मफलर सोडला, पिळला, परत बांधला. मी फोन काढला आणि मंडळातल्या मित्राला लावला. ज्यांच्यासमोर ते वाक्य बोललो होतो, त्यांतलाच एक. रॅक लावलेली कार घेऊन तो आला. आमच्या सायकली कारच्या पाठीला बांधल्या. फ्रेडरिक गाव येईपर्यंत तो गप्प होता, मग आरशात बघून म्हणाला, "घट्ट बांधल्यात ना?"

मेव्हण्याचा गुडघा नव्या वर्षापर्यंत फिजिओथेरपीत होता. डिसेंबरात साताऱ्याला जायचं म्हणून साठवलेली रजा त्यात गेली. सासूबाईंना फोनवर कारण मी सांगितलं, कारण तो त्यांच्याशी खोटं बोलत नाही. चिखल होता, पाय घसरला, असं सांगितलं. चिखल खरा होता.

पुढच्या वर्षी दिवाळीला तो आमच्याकडे आला. फराळ झाल्यावर, बायका आत असताना, मी त्याला कंबरलँडच्या नळापाशी काय पाहिलं ते सांगितलं. वर्षभर मनात घोळवून तयार केलेली वाक्यं होती. तो चकली मोडत होता.

"मीही बघितलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही पाण्याला गेलात तेव्हा. दोन जागा होत्या. म्हटलं, दाजी काढतील विषय."

त्याच्या गप्प बसण्याला मी इतकी वर्षं होकार समजत आलो होतो. त्या बाकावर त्याने जेवढं विचारता येईल तेवढं विचारलं होतं. "इथून सकाळची गाडी असते ना" हे वाक्य, सासुरवाडीच्या भाषेत, बरंच मोठं होतं.

मग त्यानेच विषय काढला, की परत जाऊ. बेत त्याने केला, लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे, पाच-सहा ओळींत. कनेल्सव्हिल ते कंबरलँड एवढंच, सावकाश, मधे एक अख्खा दिवस मोकळा, आणि कंबरलँडहून सकाळच्या गाडीने परत. कालवा नाही. गॅसचा डबा उतरल्यावर कुठे मिळेल, ते त्याने दुकानात फोन करून विचारलं. सीट त्याने स्वतः बसवली, माझीसुद्धा. आधी सायकलींच्या जागा बघितल्या, मग माणसांची तिकिटं काढली. पैसे मात्र माझ्या कार्डावरून गेले. त्याला माझी हरकत नव्हती, आणि असती तरी त्याने विचारलं नव्हतं.