रॉकचा नाद

आमच्या हजीऱ्यात दोन आवाज कधी थांबत नाहीत. एक तापीच्या मुखाशी येऊन फुटणाऱ्या समुद्राचा आणि दुसरा कारखान्यांचा. भर समुद्रातून नळाने आणलेला वायू येथे किनाऱ्याला लागतो, येथूनच तो थेट उत्तर प्रदेशातील जगदीशपुरापर्यंत नेण्यात आला, आणि त्या वायूच्या मागोमाग खताचे, पोलादाचे, विजेचे असे कारखाने या वाळूवर उभे राहिले. मी वसईहून १९९० साली येथे आलो. वायू दाबून पुढे लोटणारी जी प्रचंड यंत्रे असतात त्यांच्या दालनात माझी नेमणूक झाली आणि सारी नोकरी तेथेच सरली.

आवाजाला मराठीत नाद म्हणतात. आणि एखाद्या गोष्टीचे वेड हाताबाहेर गेले म्हणजे त्यालाही नादच म्हणतात. दिवसभर यंत्रांचा नाद सोसून जो गृहस्थ घरी आल्यावर पुन्हा विजेच्या गिटारी आणि ढोल ऐकत बसतो, त्याच्याविषयी शेजाऱ्यांचे काय मत होत असेल, हे वाचकांनी ताडले असेलच. रॉक संगीताचा मला लहानपणापासून नाद आहे. ते नुसते घरी ऐकण्याचा नव्हे, तर वादक समोर उभे असताना, हजारोंच्या गर्दीत उभे राहून ऐकण्याचा.

हे खूळ मला कोठून लागले ते सांगणे कठीण आहे. वडील गावच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवीत. लग्नाची वरात असो वा सण असो, बँड पाचपन्नास पावलांवर आला की त्या मोठ्या ढोलाचा ठोका कानाआधी पोटात जाणवे. मी मिरवणुकीत नेहमी त्या ढोलाच्याच बाजूने चाले. पुढे १९८० च्या मार्चमध्ये वर्तमानपत्रात वाचले की ‘द पोलिस’ नावाचे इंग्लंडचे त्रिकूट मुंबईत येऊन गाऊन गेले. गाऊन गेले! मला बातमी कळली तेव्हा कार्यक्रम होऊन चुकला होता. तो भरविला होता धर्मादाय कामासाठी निधी जमविणाऱ्या ‘टाइम अँड टॅलंट्स क्लब’ने, म्हणजे मुंबईतील प्रतिष्ठित स्त्रियांच्या संस्थेने. पंधरा वर्षांच्या मुलाला असल्या संस्थेची खबर कोण देणार? त्या दिवसापासून मी संगीताच्या बातम्यांचा वखवखलेला वाचक झालो. रद्दीच्या दुकानांतून जुनी इंग्रजी मासिके धुंडाळीत बसलो. काही झाले तरी पुन्हा बातमी उशिरा कळता कामा नये, एवढाच निश्चय होता.

त्याचे फळ १९८६ साली मिळाले. त्या वर्षी फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास देशी रॉक वादकांचा मेळा सुरू केला. त्याचे नावच ‘इंडिपेंडन्स रॉक’. त्या काळातील रंगभवन ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. धोबी तलावाजवळ सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी हे उघड्या आभाळाखालचे रंगमंदिर होते. चर्चगेटला उतरून पायी जायचे आणि परतताना विरारची शेवटची लोकल गाठायची. तेथेच मी ‘रॉक मशीन’ या मुंबईच्याच मुलांचा संच ऐकला. आरंभी ही मुले विलायती गाणी वाजवीत. पुढे स्वतःची रचू लागली आणि १९९३ साली ‘इंडस क्रीड’ असे नाव घेऊन राहिली. पहिल्या ठोक्यालाच मला वडिलांचा ढोल आठवला. वडिलांना मात्र ते पटले नाही. “यांचा सूर मला सापडत नाही, नुसता धाक सापडतो,” असे ते म्हणत. मी वाद घातला नाही. खरे म्हणजे त्या धाकासाठीच मी जात होतो.

हजीऱ्याला आल्यावर हे सारे तुटले. या गावाला अजूनही प्रवाशांची आगगाडी येत नाही. सुरत स्थानक गाठायलाच तासभर मोडतो. मग बातम्या हाच आधार. १९९३ साली अमित सैगल यांनी अलाहाबादेहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक काढले. मुंबई नव्हे, कलकत्ता नव्हे, गंगायमुनेच्या संगमावरून रॉकची बातमीपत्रे निघावीत, याचे मला मोठे कौतुक वाटे. शिलाँगात कोण वाजवीत आहे, बंगळूरला कोणता नवा संच निघाला, हे मला तापीच्या मुखाशी बसून टपालाने कळू लागले. ऐकायला न मिळालेल्या कित्येक कार्यक्रमांचे मी केवळ वर्णनांवर समाधान मानले आहे. सैगल २०१२ च्या जानेवारीत गोव्याच्या समुद्रात बुडून वारले, ही बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेले नाही. मी त्यांना कधी पाहिलेही नव्हते.

ऐकण्याची हौस घरी भागवायची तर पंचाईत निराळीच. आमच्या वसाहतीत भिंती पातळ, आणि पाळीचे काम असल्यामुळे दुपारी अर्धी वसाहत झोपलेली असते. शेजारी खानदेशातील एक गृहस्थ राहत. एका दुपारी ते दारात आले. डोळे तांबडे झालेले. म्हणाले, “भाऊ, तुमचं गाणं चांगलंच असेल, पण माझी रात्रपाळी चालू आहे.” एवढेच बोलून ते परत गेले. ते भांडले असते तर मला बरे वाटले असते. त्याच आठवड्यात मी सुरतेहून कानाला लावायची श्रवणयंत्रे आणली, जिला आता सर्वजण हेडफोन म्हणतात, आणि शेजाऱ्यांची झोप वाचविली. आवाज मात्र मी कमी केला नाही. फक्त तो सारा स्वतःच्या कानांत ओतला.

पुढे रंगभवनाचेही तेच झाले. त्याच्या आसपास कॉलेज, इस्पितळे आणि न्यायालय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी अशा संस्थांभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र शांततेचे ठरविले आणि काही वर्षांतच तेथील रॉक बंद पडले. माझ्या बरोबरीचे शौकीन अजून त्याबद्दल सरकारला बोल लावतात. मी लावीत नाही. आजारी माणसाच्या उशाशी ढोल वाजू नये, हे मला खानदेशच्या त्या तांबड्या डोळ्यांनी आधीच शिकविले होते. हळहळ वाटते ती एवढीच की जागा गेली आणि दुसरी कोणी दिली नाही.

आता कानांची गोष्ट. कारखान्यात आमची श्रवणचाचणी होते. काचेच्या खोलीत बसवितात, बारीक शिट्ट्या वाजवितात, ऐकू आली की बटण दाबायचे. तिचा जो आलेख निघतो त्यात मोठ्या आवाजात काम करणाऱ्या माणसाच्या कानाची रेघ ४,००० कंपनांच्या आसपास खळग्यात गेल्यासारखी खाली येते. माझा डावा कान तसा कधीच गेला होता. २०२४ साली उजव्याचीही रेघ खचलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, “गेलेले परत येत नाही. राहिलेले सांभाळा.” स, श, फ ही अक्षरे मला हल्ली तोंडाकडे पाहून ओळखावी लागतात. घरी बसून जुनी गाणी लावली तेव्हा ध्यानात आले की ढोलांच्या संचातील झांजा कोणीतरी काढून नेल्या आहेत.

अशा वेळी बातमी आली की ‘कोल्डप्ले’ हा इंग्लंडचा संच मुंबईत येणार. वसईकरांना तो अगदीच परका नाही. २०१६ सालच्या त्यांच्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या गाण्याच्या चित्रफितीत आपला वसईचा किल्ला आहे. माझ्या धाकट्या मुलीने २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी दुपारी १२ वाजता तिकिटांसाठी संगणकावर रांग लावली. तिचा क्रमांक पाच लाखांच्या पुढे लागला! तिकिटे संपली आणि मी मनातून सुटकाही अनुभवली, हे कबूल करतो. डॉक्टरांची आज्ञा आपोआप पाळली गेली असती. परंतु नोव्हेंबरात अहमदाबादचा कार्यक्रम जाहीर झाला, आणि सर्वांत वरच्या मजल्याची अडीच हजारांची दोन तिकिटे तिच्या हाती आली. मला न विचारता तिने ती घेतली होती. आईने तिला रागे भरले. “पप्पांचे कान जातील,” आई म्हणाली. मुलगी म्हणाली, “म्हणूनच.”

२५ जानेवारी २०२५, शनिवार. सुरतेहून सकाळच्या गाडीने निघालो. पश्चिम रेल्वेने त्या दोन दिवसांसाठी वांद्रे टर्मिनसहून खास गाड्या सोडल्या होत्या. आमची नेहमीची गाडीही तरुणांनी भरलेली होती. माझ्या वयाची माणसे थोडी. मोटेऱ्याच्या त्या क्रीडांगणात १,३२,००० माणसे बसू शकतात; आमच्या गावाची सारी माणसे त्याच्या एका कोपऱ्यात मावतील. प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाच्या मनगटावर एक पांढरी पट्टी बांधतात. गाण्याच्या ठेक्याबरोबर ती दुरून पाठविलेल्या लहरींनी उजळते आणि विझते. जाताना ती परत द्यायची असते.

मी खिशातून कारखान्यातील नारिंगी स्पंजाची बुचे काढली आणि दोन्ही कानांत बसविली. मुलीनेही बसविली. शेजारचा मुलगा हसला. त्याला ठाऊक नसावे की या संचाचा गायक ख्रिस मार्टिन यालाही तरुणपणी मोठमोठ्याने ऐकलेल्या संगीतामुळे कानात सतत घुमणाऱ्या आवाजाची व्याधी जडली आहे, आणि तोही आता कान झाकूनच गातो. मुलीच्या मोबाइलवरील मापक ९८ डेसिबल दाखवीत होता. आमच्या कारखान्याचे कोष्टक मला पाठ आहे: ९० ला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन, १०५ ला एक. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली संगीताच्या जागांसाठी १०० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे, तीही पंधरा मिनिटांच्या सरासरीची. पहिली तीन गाणी मी ऐकलीच नाहीत, हिशेब करीत होतो.

मग ‘येलो’ सुरू झाले. २००० सालचे गाणे. सारे क्रीडांगण एकदम हळदीसारखे पिवळे झाले आणि लाखभर माणसे गाऊ लागली. बुचांमुळे वरचे बारीक स्वर अडतात, खालचे अडत नाहीत. ढोल पायांतून वर आला, बरगड्यांत बसला. ऐकू येत होते ते कानाने नव्हे. या संचाच्या दौऱ्यांत बहिऱ्या रसिकांना अंगात घालायला कंप पावणारी जाकिटे देतात, असे मी वाचले होते. तेव्हा ती मला एक दयाळू युक्ती वाटली होती. त्या रात्री समजले की ती दया नाही. गाणे तेथूनही आत येते.

‘फिक्स यू’च्या वेळी मी उजव्या कानातले बूच काढले. मुलीने पाहिले, काही बोलली नाही, फक्त मोबाइलवरचे घड्याळ माझ्यापुढे धरले. आरंभी नुसता ऑर्गन असतो, आमच्या चर्चमधल्यासारखा, आणि त्यावर हलका आवाज. ते सारे मला आले. मग गिटार आली, ढोल आले, आणि त्यांच्यावर कोठेतरी उंच, बारीक, पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडावेत तशी झांज. मला ती खरोखरच ऐकू आली की जुन्या आठवणीने तिची जागा भरून काढली, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. गाणे संपताच बूच परत बसविले. पाच मिनिटे झाली असतील. त्या रात्री कान घुमत राहिला आणि तीन दिवस घुमला. हे मी डॉक्टरांना सांगितले आणि त्यांची बोलणीही खाल्ली.

रविवारी पहाटे घरी पोहोचलो. त्याच संध्याकाळी दुसरा कार्यक्रम अहमदाबादहून थेट घरोघर दाखविण्यात आला. खानदेशचे ते शेजारी आता माझ्याबरोबरच निवृत्त व्हायचे होते; मी त्यांना बोलाविले. चहा झाला. पडद्यावर वादकांचे चेहरे, बोटे, घामाचे थेंबसुद्धा दिसत होते, जे मला वरच्या मजल्यावरून मुळीच दिसले नव्हते. ‘येलो’ आले, पडदा पिवळा झाला. बरगड्यांत काहीच हलले नाही. मी आवाज वाढविला नाही. घरात माणसे होती आणि कान अजून घुमत होता.

शेजारी बराच वेळ पाहत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “भाऊ, जरा मोठं करा ना. मला यातलं काही ऐकू येत नाही.”

मी त्यांच्या कानाकडे पाहिले. तेही तीस वर्षे त्याच दालनात होते.