घरी जायचंय

उन्हं कलली की दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा भरायला लागतो. मैदानाभोवती सव्वा किलोमीटरच्या आसपास फिरलेली ही बुटकी भिंत. तिला टेकायला पाठ नाही, उठताना धरायला हात नाहीत, सावली झाड देईल तेवढीच. तरी दादरकरांच्या पिढ्या तिच्यावर बसत आल्या. मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झालं. भोवतालच्या कमी उंचीच्या देखण्या इमारती बहुतेक त्यानंतरच्या दोन दशकांतल्या. आज जी माणसं ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्यातल्या अनेकांच्या आयुष्याची सगळी वळणं या कट्ट्याच्या साक्षीने पडलेली असतात: शाळेतून येताना त्याच्यावरून तोल सांभाळत चालणं, निकालाच्या दिवशी इथे येऊन गप्प बसणं, ठरलेल्या लग्नाआधी चारचौघांच्या देखत भेटणं, पुढे नातवंडाला त्याच्यावर उभं करून मैदानातलं क्रिकेट दाखवणं. संध्याकाळच्या गर्दीत जरा थांबून पाहिलं तर काही जोड्या वेगळ्या उठून दिसतात. एक माणूस सावकाश चालतो आणि दुसरं अर्धं पाऊल मागे, कोपराखाली हात धरून. दोघंही म्हातारे. एकाची स्मृती विरत चाललेली, दुसऱ्यावर दोघांच्याही वाट्याचं लक्षात ठेवण्याचं काम आलेलं.

ज्या वेळी कट्टा भरतो, नेमक्या त्याच वेळी आसपासच्या कितीतरी घरांतून एक वाक्य ऐकू येतं, "मला घरी जायचंय." बोलणारी व्यक्ती घरातच असते, बहुधा चाळीस वर्षं वापरलेल्या खुर्चीत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची अस्वस्थता दुपार उलटल्यावर वाढते, हे डॉक्टरांना आणि सांभाळणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. शरीरातलं झोपजागेचं घड्याळ बिघडलेलं असतं, दिवसभराचा शीण साठलेला असतो, उजेड कमी झाल्यावर ओळखीच्या वस्तूंचे आकार बदलतात. आपल्या भाषेने या वेळेला कातरवेळ म्हणून ठेवलं, आणि तिन्हीसांजेला झोपू नये, दारात दिवा असावा, बाहेर असलेलं माणूस परतावं, अशा रीती तिच्याभोवती घातल्या. त्या रीतींमागे उजेड आणि अंधार यांच्या सांध्यावर मन हलतं ही जाण असावी, असं मला वाटतं. "घरी जायचंय" या वाक्याला आपण सहसा शब्दांनी उत्तर देतो, "अहो, हेच आपलं घर." पुरावे देतो, भिंतीवरचे फोटो दाखवतो, दारावरची पाटी वाचून दाखवतो. ते पटत नाही, कारण मागितलेली गोष्ट पत्ता नसते. सगळं ओळखीचं आणि निर्धास्त असण्याची जी अवस्था हरवली आहे, ती परत मागितलेली असते. माझं म्हणणं एवढंच आहे की या मागणीला पायांनी उत्तर देता येतं. कट्ट्यापर्यंत जाऊन परत यावं. घरी जायचं असेल तर आधी घराबाहेर पडावं लागतं; दिवसभर चार भिंतींत ठेवलेल्या माणसाला घरी पोचण्याचा अनुभव मिळणार तरी कुठून?

हे काव्यात्म वाटेल, पण त्याला आधार आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ साली स्मृतीच्या विकारांवरच्या ग्रंथात मांडलं होतं की स्मृती ढासळताना अलीकडचं आधी जातं आणि जुनं जास्त टिकतं. शरीराला लागलेल्या सवयी तर त्याहूनही चिवट. नंतरच्या अभ्यासात या चित्रात बरेच बारकावे आले, तरी त्याची मुख्य रेघ कायम राहिली. सकाळी काय खाल्लं ते पुसलं जातं. कट्ट्याशी आल्यावर वळून, हात मागे टेकवून बसायचं असतं, हे शरीर विसरत नाही. अनोळखी रिसॉर्टमधली दोन दिवसांची सहल म्हणूनच अशा माणसाला बहुधा जड जाते. तिथे प्रत्येक दार नवीन, न्हाणीघर कुठे ते रात्री पुन्हापुन्हा शोधायचं. मुलं प्रेमाने नेतात आणि आईबाबा रडकुंडीला आले म्हणून हिरमुसतात. घरापासून चारशे पावलांवरचा कट्टा याच्या नेमका उलट. तिथे नवीन काही शिकावं लागत नाही. फलंदाजाचा चेंडूवर बसलेला टोला, उद्यान गणेशाच्या देवळातली घंटा, पश्चिमेकडून येणारा खारट वारा, तापलेल्या दगडाची ऊब, हे सगळं नावं न विचारता ओळख देतं.

यावर पहिला आक्षेप घरातलाच असतो, आणि तो निर्दयपणाने घेतलेला नसतो, थकव्यातून आलेला असतो. जाऊन काय उपयोग? परत आल्यावर पाच मिनिटांत विचारतात, आज मला बाहेर का नेलं नाही? हा प्रश्न ऐकून पुन्हा जिना उतरायची उमेद खचते, हे खरंच आहे. पण आठवण नाही म्हणजे परिणाम नाही, हे गृहीत चुकीचं आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळाने रुग्णांना चित्रफितींतलं फारसं काही सांगता येईना, पण त्यांनी जागवलेली भावना आठवण गेल्यानंतरही रेंगाळत राहिली. दुःख तर अधिकच. अभ्यास छोटा होता, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी सांभाळणाऱ्यांना रोज दिसतं त्याच्याशी तो जुळतो. कट्ट्यावरून आलेला माणूस कुठे जाऊन आलो ते सांगू शकत नाही, पण जेवताना ताट सरकवून देत नाही. याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. निघताना चपलांवरून झालेली ओरड, "किती वेळ लावता" असं बोललेलं वाक्य, हेसुद्धा विसरलं जातं आणि त्याचाही ओरखडा उरतो. घाईत काढलेली फेरी न काढलेल्या फेरीपेक्षा वाईट ठरू शकते. म्हणून मी फेरीचा आग्रह धरतो तेव्हा निघण्यापूर्वीचा अर्धा तासही त्यातच मोजतो.

दुसरा आक्षेप जिवाचा आहे. माणूस हरवेल, पडेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात. गर्दीच्या शहरात बापाला शोधणाऱ्या मुलीची घालमेल पाहिलेल्या कोणाला हा धोका समजावून सांगावा लागत नाही. पण त्याच चित्रपटात त्या म्हाताऱ्याला जवळ करते ती माहुताची बायको, जिला त्यांची विद्वत्ता माहीत नाही आणि जी त्यांना विसरण्याबद्दल दोषही देत नाही. धोका खरा आहे, म्हणून हात सोडू नये, खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद असावा, वाट रोज तीच असावी, कट्ट्यावरून उठताना पुढे उभं राहून दोन्ही हात द्यावेत. ज्यांचे गुडघे अजिबात साथ देत नाहीत त्यांना पाठ असलेला बाकच बरा. थंडीच्या दिवसांत मैदानातली लाल माती उडते आणि तिचा त्रास रहिवाशांनी पुष्कळदा मांडला आहे. दमा असलेल्याला त्या दिवसांत मैदानाकडे न नेता आतल्या गल्लीतून फिरवणं शहाणपणाचं. पण घरात बसवून ठेवणं ही सुरक्षितता आहे असं मात्र मानता येत नाही. न वापरलेले पाय महिन्याभरात दुबळे होतात आणि मग माणूस न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडतो. बाहेरचा धोका डोळ्यांना दिसतो, आतला हळूहळू साठत जातो.

सगळ्यांत अवघड अडथळा मात्र ना गुडघ्यांचा असतो ना रहदारीचा. तो ओळखीच्या माणसांचा असतो. कट्टा म्हणजे ओळखीपाळखीची जागा, तेच तिचं बळ, आणि तिथेच समोरून कोणी जुना शेजारी येतो, प्रेमाने हात धरतो आणि विचारतो, "काय, ओळखलंत का मला?" मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचं हे ठरलेलं वाक्य आहे. निरोगी माणसाला ते गोड वाटतं. ज्याला नाव सापडत नाही त्याच्यासाठी ती भर रस्त्यात घेतलेली तोंडी परीक्षा असते. आयुष्यभर शंभर माणसांची नावं मुखोद्गत असलेला शिक्षक अशा वेळी ओशाळं हसतो, बायकोकडे बघतो, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडायला नकार देतो. त्याला कारण आठवत नसेल, लाज आठवते. आजार समजून घेण्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पण ही एवढी एक सवय सोडली तरी कितीतरी लोकांची संध्याकाळ वाचेल. स्वतःचं नाव आधी सांगावं. "नमस्कार सर, मी समोरच्या बिल्डिंगमधला, तुमच्या वर्गात होतो." मग त्यांनी ओळखलं तर आनंद, नाही ओळखलं तरी शेजारी बसून मैदान बघता येतं. "काही आठवत नाही का हो त्यांना आता?" असं त्यांच्यादेखत, ते तिथे नसल्यासारखं, त्यांच्या बायकोला विचारणं तर कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही.

आणि ती बायको. भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला. प्रमाण बायकांमध्ये पुरुषांहून जास्त आहे, त्यामुळे कित्येक घरांत पंचाहत्तरीचा नवराही आता वेणी घालायला, साडीच्या निऱ्या सावरायला शिकतो आहे. मुलं न्यू जर्सीत किंवा पुण्यात. दिवसा ब्युरोतून येणाऱ्या मावशी, रात्र आपली. असं म्हटलं जातं की फेरी ही खरं तर सांभाळणाऱ्याचीच गरज असते, आजाऱ्याच्या नावावर ती स्वतः बाहेर पडते. मला हा आक्षेप मान्य आहे आणि त्यात काही गैर वाटत नाही. दिवसभर एकच प्रश्न चाळीस वेळा ऐकून एकच उत्तर देणाऱ्या माणसाला, भाज्या किती महागल्या यावर दहा मिनिटं कुणाशी साधं बोलायला मिळालं, तर एकेचाळिसाव्या वेळी तिचा आवाज चढत नाही. एकाची गरज आणि दुसऱ्याची गरज अशी वाटणी इथे करताच येत नाही. दोघं एकाच हाताला धरून चालत असतात. तिला तासभर मोकळं सोडणारं कुणी नसेल, तर निदान ज्या जागी दोघं मिळून मोकळे होतात ती जागा तिच्यापासून कुणी तोडू नये.

ती तुटते आहे, हेही सांगितलं पाहिजे. जुन्या इमारतींपैकी अनेकींना लिफ्ट नाही, तेव्हा फेरी पावलांनी नाही, पायऱ्यांनी मोजावी लागते. इमारत पुनर्विकासाला गेली की लिफ्ट येईल. पण ती उभी राहीपर्यंतची तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात, कदाचित ठाण्याला नाहीतर कांदिवलीला. तरुणांसाठी ती गैरसोय असते. ज्याचं मन जागेच्या आधाराने उभं आहे त्याला नव्या घरात पोचल्यावर सगळंच अनोळखी होतं, आणि परतण्याची तारीख येते तेव्हा परतणारा उरलेला नसतो. करारात भाडं, चटईक्षेत्र, पार्किंग सगळं लिहिलेलं असतं. अशा रहिवाशाला शक्य तितकं जवळच घर मिळवून द्यावं, ही अट घालायला फार खर्च येणार नाही.

पावसाळ्याचे चार महिने कट्टा ओला असतो. नोव्हेंबरच्या अखेरीला मुंबईत सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य जुलैत सव्वासातच्याही पुढे रेंगाळतो, पण ढगांमुळे कातरवेळ पाचलाच घरात शिरते. तेव्हा वाट आखूड करावी. फाटकापर्यंत, तेही नाही जमलं तर जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत, जिथून छत्र्या घेऊन परतणारी माणसं दिसतात. थोडं थांबून मागे फिरावं. दाराशी आल्यावर आपण कुलूप उघडू नये, किल्ली त्यांच्या हातात द्यावी. थोडा वेळ लागेल, शेजारच्या दारातून कोणी मदतीला येईल, त्या शेजाऱ्याला खुणेने थांबवावं. मुलाचं नाव सकाळपासून सापडत नसतं. पण पावसाने फुगलेलं हे दार आधी जरा आपल्याकडे ओढून घ्यावं लागतं आणि मगच किल्ली फिरते, हे त्या हाताला माहीत असतं.