शाकारलेली होडी

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचे दर्शन आटोपले, की जरा समुद्राकडे पाहावे. माडांपलीकडे सुवर्णदुर्ग दिसतो, खाडीतून होड्या ये-जा करीत असतात. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक मासेमारीला बंदी. तेव्हा त्याच होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या. थंड मुलखांत हौशी नौकांना अशी विश्रांती हिवाळ्यात मिळते, आणि तेवढ्या महिन्यांपुरती काही विमा-कंपन्या हप्त्यात सूट देतात. हिशेबी माणसाला वाटेल, ओढून ठेवलेल्या होडीला विमा हवाच कशाला?

पण २०२० साली ‘निसर्ग’ वादळ आले ते ३ जूनला! धडकले रायगडच्या किनाऱ्यावर, पण दापोली तालुक्यातही माड-पोफळी आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली. तिथे होडीवरच्या झापांचा काय पाड? तेव्हा सूट खुशाल घ्यावी. मात्र किनाऱ्यावरचे वादळ विम्यात धरले आहे ना, एवढे सहीपूर्वी विचारावे.