पट्टी दिसली, राफ्ट दिसलं का?

लिपिड राफ्ट, म्हणजे पेशीच्या पटलातला कोलेस्टेरॉलबहुल तुकडा, पटलातून जसंच्या तसं सोडवून नळीत दाखवता येतं, असं मी बारामतीत वर्गात वर्षानुवर्षं ठासून सांगितलं. आता सांगत नाही.

जुनी खात्री उगाच नव्हती. टी-पेशी ४ अंश सेल्सिअसला ट्रायटॉन एक्स-१०० या डिटर्जंटमध्ये फोडायच्या, ते मिश्रण ४० टक्के सुक्रोजमध्ये करून नळीच्या तळाशी ठेवायचं, वर ३० आणि ५ टक्क्यांचे थर हलक्या हाताने चढवायचे आणि रात्रभर अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. सकाळी वरच्या दोन थरांच्या सीमेवर दुधाळ पट्टी तरंगत असते. तिच्यात लॅट आणि एलसीके ही संदेश पोचवणारी प्रथिनं सापडतात. पटलातलंच सीडी-४५ हे प्रथिन बहुतांशी खालीच राहतं. इंदापूर तालुक्यात वाढलेल्याला हे पटकन पटतं. भवानीनगरच्या कारखान्यातही फिरवूनच मळीतून साखर वेगळी होते. उसाचा ब्रिक्स बघायचा रिफ्रॅक्टोमीटरसुद्धा हे थर तपासायला चालतो!

पण साखरेचा दाणा फिरवण्याआधीच पाकात तयार झालेला असतो. राफ्टचं तसं आहे का? सिमॉन्स आणि इकोनेन यांनी १९९७ मध्ये राफ्टची कल्पना ठळकपणे मांडली. २००२ मध्ये हीरक्लॉट्झ यांनी कृत्रिम पटलांवर दाखवलं की ट्रायटॉन स्वतःच असे भाग घडवू शकतो. २००४ मध्ये बंगळूरच्या सत्यजित मेयर यांच्या गटाला जिवंत पेशींवर राफ्टमध्ये असतात असं मानलेल्या जीपीआय-प्रथिनांचे पुंजके दिसले ते जेमतेम चार रेणूंपर्यंतचे. नुसत्या डोळ्यांना दिसणारी माझी पट्टी म्हणजे हेच पुंजके, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मग राफ्ट थोतांड? तिथवर मी जात नाही, आणि त्याला कारण पुण्यातलं काम. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या भास्कर साहा यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की लेशमानिया मेजर हा परजीवी मॅक्रोफेजच्या पटलातलं कोलेस्टेरॉल घटवतो. त्यामुळे सीडी-४० या ग्राहीचा संदेश इंटरल्युकिन-१२ सोडून इंटरल्युकिन-१० कडे वळतो आणि परजीवीचं फावतं. पटलातलं कोलेस्टेरॉल वाढवलं, की पेशी परजीवीला पुन्हा मारू लागते. मला हा पुरावा पट्टीपेक्षा कितीतरी वजनदार वाटतो.

सुक्रोजचा प्रयोग विद्यार्थ्यांनी जरूर करावा. हात त्यानेच बसतो. मात्र पट्टीचा फोटो घेऊन लगेच निष्कर्षाला येऊ नका. आधी कोलेस्टेरॉल काढून आणि परत भरून बघा, जिवंत पेशीचं वागणं बदलतं का ते.