चावी फिरेना तेव्हा

सकाळचे अकरा वाजलेले. चौसष्ट डबे पिशव्यांत भरून व्हॅनमध्ये रचून झालेले. साडेबाराच्या आत ते विक्रोळीला पोहोचायला हवेत, कारण जेवणाची सुट्टी कोणासाठी थांबत नाही. आमच्यातली जी गाडी चालवते ती सीटवर बसली, तिने चावी घातली, आणि चावी फिरेना.

आम्ही घाटकोपर पूर्वेला हायवेलगतच्या वस्तीत राहणाऱ्या नऊजणी. बचत गट काढला, पोळीभाजीचे डबे सुरू केले. आधी रिक्षाने डबे जात. भाड्यातच कमाई जाते हे लक्षात आल्यावर पतपेढीचे कर्ज काढून एक जुनी व्हॅन घेतली. पण चालवणार कोण? आमच्यातली एक पुढे झाली. वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिने क्लास लावला, लायसन्स काढले. वस्तीत हसणारे हसले, पण तिने तीन वर्षांत गाडीला साधा ओरखडा येऊ दिला नव्हता.

त्या दिवशी मात्र सगळे एकदम गोळा झाले. कोणी म्हणाले, "जोर लावा." कोणी पकड आणली. पलीकडच्या गल्लीतल्या एका काकूंनी नजर लागल्याचे सांगून लिंबू-मिरची बांधायला सांगितली. ते आम्ही हसण्यावारी नेले. पण पानाच्या टपरीवरून एक आवाज आला, "बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं!" आणि खरे सांगायचे तर त्या आवाजापेक्षा आमचाच आवाज मोठा झाला. "काल गाडी लावताना तूच काहीतरी केलं असशील," असे आम्ही तिला म्हणालो. ती काही बोलली नाही. घाबरून तिने पकडीने चावीला पीळ दिला. कट् असा आवाज आला. आमच्या काळजात धस्स झाले.

एवढ्यात आबा आले. आबा म्हणजे आमच्यातल्या एकीचे सासरे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये त्यांनी फिटर म्हणून उमर घालवली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. पद्मिनी गाडी तिथलीच. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हटले की डोळ्यांसमोर पद्मिनीच येते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्याने २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. कारखान्यातले काम थांबले, टॅक्सीही गेली, पण आबांच्या हातातली विद्या कुठे गेली नाही.

आबांनी आधी पकड काढून घेतली. "पोरींनो, चावीशी भांडू नका. चावी मोडली की अर्धी आत राहते, मग आजचाच नाही, उद्याचाही धंदा बुडतो. आधी स्टिअरिंगला विचारा." मग त्यांनी खाली वाकून पुढचे चाक दाखवले. चाक फुटपाथच्या कडेला टेकले होते.

त्यांनी समजावले ते असे. चावी काढली की एक लोखंडी खिटी सरकून स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत बसते. हे स्टिअरिंग लॉक. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून ही सोय. पश्चिम जर्मनीत तर १९६१ साली तसा कायदाच झाला. पण चाक कडेला दाबलेले असले, किंवा चावी काढल्यावर स्टिअरिंगला हिसका बसला, तर दांडा त्या खिटीवर रेलतो. खिटी मागे सरकत नाही, म्हणून चावी फिरत नाही. अशा वेळी एका हाताने स्टिअरिंग ज्या बाजूला किंचित सरकते त्या बाजूला हलकेच धरायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने चावी फिरवायची. आबांनी केले, आणि गाडी सुरू झाली. डबे वीस मिनिटे उशिरा पोहोचले.

गोष्ट इथे संपली असती तर हा लेख लिहिला नसता. आठवडा गेला आणि चावी पुन्हा अडली. या वेळी चाक सरळ, स्टिअरिंग मोकळे, तरी चावी फिरेना. पुन्हा आमचे डोळे तिच्याकडे वळले. आबांनी एकच विचारले, "गाडी घेतली तेव्हा चाव्या किती मिळाल्या?"

दोन. एक वापरात होती. दुसरी हरवायला नको म्हणून पत्र्याच्या पेटीत गाडीच्या कागदांबरोबर ठेवलेली. आबांनी ती मागवली आणि दोन्ही चाव्या एकावर एक ठेवून उजेडात धरल्या. पेटीतल्या चावीचे दाते टोकदार, वापरातल्या चावीचे गुळगुळीत झालेले. पेटीतली चावी घातली आणि ती लोण्यात सुरी जावी तशी फिरली.

कुलपाच्या आत पितळेच्या छोट्या पत्त्या असतात, प्रत्येकीखाली बारीक स्प्रिंग. चावीचे दाते त्या पत्त्यांना नेमक्या उंचीवर आणतात. सगळ्या पत्त्या एका पातळीत आल्या तरच आतला दांडा फिरतो. एक जरी बाहेर राहिली तरी कुलूप "नाही" म्हणते. दाते झिजले की पत्त्या पातळीत येत नाहीत.

मग आबांनी आमच्या चुका एकेक करून मोजल्या. पहिली चूक अशी की वर्षभरापूर्वी आम्ही स्टेशनजवळच्या चावीवाल्याकडून नवी चावी करून आणली, ती झिजलेल्या चावीवरून. झिजलेल्या चावीची नक्कल म्हणजे झीज नव्याने विकत घेणे. चावी करायची तर कमीत कमी वापरलेल्या चावीवरून.

दुसरी चूक, चाव्यांचा जुडगा. व्हॅनच्या चावीला आम्ही स्वयंपाकाच्या खोलीची, कपाटाची, सायकलची आणि दोन कुलपांची चावी अडकवली होती. गाडी चालताना तो जुडगा लोंबकळत राहतो आणि कुलपाला आतून घासतो. वजनाची गोष्ट साधी नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सला २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांच्या इग्निशनचा खटका सैल होता. जड जुडग्याने किंवा धक्क्याने चावी आपोआप मागे फिरे, इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. त्यात १२४ माणसे गेल्याचे पुढे नुकसानभरपाई देताना मान्य झाले.

तिसरी चूक, खोबरेल तेल. चावी अडते म्हणून आम्हीच कधीतरी कुलपात दोन थेंब सोडले होते. तेलाने दोन दिवस बरे वाटते, मग धूळ चिकटते आणि आत चिखल होतो. आबांनी बॅटरीची वायर सोडवून क्लीनरच्या फवाऱ्याने कुलूप साफ केले, वाळू दिले. मग मुलांची शिसपेन्सिल चावीच्या दात्यांवर घासून चावी दहा-बारा वेळा आत-बाहेर केली. पेन्सिलीतले ग्रेफाइट कोरडे असते, त्यामुळे पत्त्या सरकतात आणि धूळ धरत नाही. मात्र पूड आत ओतायची नाही, चावीला लागेल तेवढीच पुरे.

आणखी तीन गोष्टी वाचकांसाठी. चावी फिरते पण गाडी सुरू होत नाही, तर दोष बहुधा कुलपात नाही. बॅटरी किंवा सेल्फ पाहा. ऑटोमॅटिक गाडीत चावी निघत नसेल तर गिअर 'पी'वर आहे का ते बघा. आणि गाडी चालती असताना चावी कधीही काढू नका, स्टिअरिंग अडकेल.

सगळे झाल्यावर आबांनी हात पुसले आणि म्हणाले, "यात चालवणारीची चूक मला कुठे दिसली नाही."

आम्ही गप्प झालो. पहिल्या दिवशी चाक कडेला टेकले होते ते खरे, पण त्याचे कारण आम्हीच. डबे चढवायला सोपे जावे म्हणून गाडी अगदी कडेला लावायला आम्हीच तिला सांगत होतो. नक्कल आम्ही केली, जुडगा आम्ही बांधला, तेल आम्ही घातले. टपरीवरच्या माणसाने एक वाक्य बोलून सोडून दिले. आम्ही मात्र आठवडाभर तिच्याकडे त्याच नजरेने पाहिले. त्या संध्याकाळी गटाच्या बैठकीत हिशेबाच्या आधी आम्ही आठजणींनी तिची माफी मागितली. ती हसून म्हणाली, "माफी राहू द्या. तुमच्यातल्या दोघी गाडी शिका."

आता दोघी शिकत आहेत. पेटीतल्या चावीवरून दोन नव्या चाव्या करून घेतल्या, त्या वापरात आहेत. मूळ चावी पुन्हा पेटीत गेली आहे. व्हॅनच्या चावीला आता दुसरी कोणतीही चावी अडकवलेली नाही.