दुखत नव्हता, म्हणून राहून गेला

"डॉक्टर, आता दुखत नाही, मग रूट कॅनल कशाला?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. उत्तर देताना हल्ली मी एक जुना एक्स-रे दाखवतो. तो माझाच आहे.

कॉलेजात असताना क्रिकेटचा चेंडू तोंडावर बसला. वरचा पटाशीचा दात दोन दिवस ठणकला आणि शांत झाला. तो तुटला नाही, किडला नाही, पुढे काही वर्षांत जरा करडा दिसू लागला इतकंच. मी दातांचा डॉक्टर झालो, दवाखाना थाटला, लोकांना उपदेश करू लागलो, पण त्या दाताकडे पाहिलं नाही. नवीन एक्स-रे मशीन आलं तेव्हा ते तपासून बघायला मीच खुर्चीत बसलो. पडद्यावर त्या दाताच्या मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढा काळा डाग दिसला. तेवढ्या जागेतलं हाड नाहीसं झालं होतं.

हाड कुणी खाल्लं? जंतूंनी, असं आपल्याला वाटतं. खरं तर ते माझ्याच शरीराने काढून टाकलं होतं.

दाताच्या आत मऊ पल्प असतो, ज्याला आपण 'नस' म्हणतो. त्याचा रक्तपुरवठा मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून होतो. चेंडूच्या धक्क्याने तो तुटला आणि नस मेली. दात वरून धड दिसला तरी बारीक तड्यांतून जंतू आत शिरतात. एकदा आत गेले की त्यांना उत्तम आसरा मिळतो, कारण जिथे रक्त नाही तिथे पांढऱ्या पेशीही पोचत नाहीत.

आत जाता येत नाही म्हटल्यावर रोगप्रतिकारशक्ती दारावर पहारा बसवते. जंतू आणि त्यांची विषारी द्रव्यं मुळाच्या टोकातून झिरपू लागली की आधी न्यूट्रोफिल पेशी धावून येतात. लढता लढता त्या मरतात, त्यांचाच पू होतो. मागून मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट पेशी येतात. त्या इंटरल्यूकिन-१, टीएनएफ अशी रसायनं सोडतात. या निरोपांनी हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी जाग्या होतात. हाड मागे सरतं आणि त्या जागी रक्तवाहिन्यांनी व लढाऊ पेशींनी भरलेला मऊ गोळा तयार होतो. जंतूंना पुढे हाडात पसरू द्यायचं नाही, म्हणून शरीर थोडं हाड देऊन ही तटबंदी उभारतं. दोन्ही बाजू तुल्यबळ असतील तोवर दुखत नाही. पण न दुखणं म्हणजे बरं होणं नव्हे.

यामागे जंतूच असतात, हे १९६५ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात स्पष्ट झालं. उंदरांच्या दातांची नस उघडी पाडली. नेहमीच्या उंदरांमध्ये ती सडून मुळाशी गळू झालं. पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये मात्र जखम भरत आली. पुढे १९७६ मध्ये स्वीडनच्या सुंदक्विस्ट यांनी माझ्यासारखे, मार लागून नस मेलेले पण वरून धड असलेले दात तपासले. ज्यांच्या मुळाशी हाड गेलं होतं, त्या जवळजवळ सगळ्या दातांत जंतू सापडले.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही मी आठ महिने टाळलं. दवाखान्यात वेळ नाही, दात दुखत नाही, ही कारणं माझ्याकडेही होती. मग भाचीच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्री वरचा ओठ सुजला. मी अँटिबायोटिक सुरू केलं, तीन-चार दिवसांत सूज उतरली आणि लाज वाटते सांगायला, पण मी परत गप्प बसलो. औषध रक्तातून जातं, मेलेल्या दातात रक्त जातच नाही. तटाबाहेरचे जंतू मेले, आतले तसेच राहिले. माझ्या एका वर्गमैत्रिणीने एक्स-रे पाहून विचारलं, "पेशंटला हेच सांगतोस का रे?" दुसऱ्या दिवशी मी तिच्या खुर्चीत होतो.

दोन बैठकींत तिने दात आतून स्वच्छ करून बंद केला. वर्षभराने डाग लहान झाला होता, दोन वर्षांनी तिथे हाड भरलं. ज्या शरीराने हाड काढलं, त्यानेच ते परत बांधलं. कारण तेवढं दूर व्हायला हवं होतं.

म्हणून मार लागलेला किंवा रंग बदललेला दात, चावताना होणारी दुखरी जाणीव, हिरडीवर येणारी-जाणारी पुळी, यांपैकी काहीही असेल तर एक्स-रे काढून घ्या. मधुमेह असेल तर अजिबात थांबू नका. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर दंतवैद्याच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा.

आणि दुखायचं थांबलं म्हणून खूश होण्याआधी माझा तो वाटाण्याएवढा डाग आठवा.