तिसरा हात

तेविसाव्या वर्षी माझा कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे आला. केरॅटोकोनस. रस्त्यावरचा एक दिवा मला दिव्यांचा घोस दिसे. चष्म्यानं भागेना, तेव्हा स्क्लेरल लेन्स आली. ती चांगली १७ मिलिमीटर रुंद, वाटीसारखी खोल. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. मधल्या पोकळीतलं सलाइन कॉर्नियाचा उंचसखलपणा बुजवतं. १८८८ साली आडोल्फ फिक यांनी अशा काचेच्या लेन्सविषयी लिहिलं, तेव्हा तेही आत ग्लुकोजचं पाणी भरत.

वाटी काठोकाठ भरायची, मान वाकवून चेहरा जमिनीला समांतर करायचा आणि न सांडता ती डोळ्याला लावायची. जरा सांडलं की आत बुडबुडा, मग सगळं धुरकट. काढा, धुवा, पुन्हा भरा. एकाच हातानं दोन्ही पापण्या ताणायला क्लिनिकमध्ये शिकवलं होतं. मला ते जमत नव्हतं. रोजची ऑफिसची बस चुकायची. दिवा लावलेला परदेशी स्टँड मिळत होता, पण किंमत ऐकून मी विषय सोडला.

शेजारचे काका कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. एका सकाळी माझी रडारड ऐकून ते दारात आले, दोन प्रयत्न नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "तुला तिसरा हात पायजे पोरी. एवढंच हाय."

त्यांनी फूटपट्टीनं टेबलापासून माझ्या वाकलेल्या डोळ्यापर्यंतची उंची मोजली. पीव्हीसी पाइपचा तुकडा, खाली जड लाकडी ठोकळा, आत की-चेनमधला एलईडी, वर रबरी वायसर. त्यात क्लिनिकनं दिलेला लेन्सचा रबरी कप बसवला, त्याची बंद शेपटी कापून उजेडाला आरपार वाट केली. उजेड टोचला, तर बटर पेपरची चकती घातली. नजर त्या ठिपक्यावर ठेवली की लेन्स बरोबर मध्यावर येई, आणि दोन्ही हात पापण्यांना मोकळे.

चाचणीसाठी ते नळाचं पाणी भरायला निघाले, तेव्हा मी ओरडले. त्या पाण्यातला अकँथामीबा डोळा घालवू शकतो, हे कळल्यापासून काका साबणानं हात धुऊन, कोरडे करूनच त्या कपाला हात लावत. क्लिनिकमधल्या ताईंनीही पाइप बघून मान डोलावली.

पहिल्या दिवशी तिसऱ्या खेपेला लेन्स बसली. बुडबुडा नाही. मान वर केली, तर काका समोर पाइप धरून उभे. तीन वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच मला त्यांचा हात नीट दिसला. उजव्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं.

मी बघतेय हे त्यांना कळलं. "ते उद्यमनगरातच ऱ्हायलं," ते हसले. "बस गाठ आता."

पैशांचं विचारायचं राहूनच गेलं. आता विचारलं, तर त्यांना राग येईल.